पेन न देणारा मित्र

प्रश्न : मी लष्करी वैद्यकीय सेवेतून निवृत्त झालेला भूलतज्ज्ञ आहे. वय 66. माझा सर्वांत जवळचा मित्र, पेशाने सर्जन, चार महिन्यांपूर्वी गेला. नोकरीतली सहा वर्षं आम्ही एकत्र काढली. त्यातली दोन आघाडीजवळच्या एका छोट्या रुग्णालयात. एक टेबल, एक सर्जन, एक भूलतज्ज्ञ. आता त्याची मुलगी वडिलांच्या आठवणींचं पुस्तक काढते आहे. मुख्य लेख मी लिहायचा असं तिनेच ठरवलं. महिनाभर बसतोय, दोन पानांच्या पुढे सरकत नाही.

अडलंय ते एका रात्रीपाशी. दोन गंभीर जखमी एकदमच आले. एकाच्या पोटात रक्तस्राव चालू होता. दुसऱ्याला डोक्यात गोळी होती, शुद्ध नव्हती, दोन्ही बाहुल्या पसरलेल्या. मी मित्राला म्हणालो, "पोटाचा आधी घे. डोक्याचा टिकणार नाही." त्याने पोटाचा घेतला. तो वाचला. दुसरा पहाटे गेला. बावीसेक वर्षांचा असेल. नंतर कोणाला थांबवलं आणि का, हे रजिस्टरमध्ये लिहायचं होतं. रजिस्टर माझ्यापुढे होतं. मी मित्राकडे पेन मागितलं. त्याने ते दिलं नाही. रजिस्टर आपल्याकडे ओढलं, स्वतः लिहिलं आणि सही केली. पुढे चौकशी झाली तेव्हाही त्यानेच एकट्याने उत्तरं दिली. चौकशीत काही ठपका आला नाही. त्यानंतरच्या 31 वर्षांत आम्ही त्या रात्रीबद्दल एक शब्द बोललो नाही.

पुस्तकासाठी आलेल्या तीन लेखांत त्या रात्रीचा उल्लेख आहे. 'कठोर निर्णय घेण्याचं धैर्य असलेला सर्जन', वगैरे. निर्णय माझा होता. तो सगळं आपल्या अंगावर घेऊन गेला. हे मी लिहू का? नाही लिहिलं तर मी खोटा. लिहिलं तर त्याच्या मुलीच्या हातातलं काहीतरी हिसकावून घेतोय असं वाटतं. घरचे म्हणतात, आता किती दिवस तेच तेच. बाकीच्या आठवणी म्हणाल तर किरकोळ आहेत. स्वतःचं पेन कुणालाही देत नसे. बुद्धिबळात चाल परत घ्यायचा. सकाळच्या राउंडला प्रत्येक रुग्णाच्या पायाच्या अंगठ्याला हात लावून पुढे जायचा. एवढ्यावर लेख कसा व्हायचा?
— एक निवृत्त डॉक्टर

डॉक्टरसाहेब, सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना पेनापाशी थांबले. मग शेवटच्या ओळी वाचल्या आणि पुन्हा वर गेले. का, ते पुढे सांगते.

आधी घरच्यांबद्दल. त्यांच्यावर फार रागावू नका. माणूस गेला की कुटुंबातल्या प्रत्येकाला दुःखात एक जागा मिळते. बायको, मुलगी, भाऊ यांना लोक भेटायला येतात, विचारपूस करतात. मित्राला आणि सहकाऱ्याला ती जागा नसते. त्याने एकदा जाऊन यायचं आणि कामाला लागायचं. केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने 1989 मध्ये अशा दुःखाला एक नावच दिलं. मराठीत मी त्याला 'हक्क नाकारलेलं दुःख' म्हणेन. तुमचं दुःख त्या जातीचं आहे. सहा वर्षं तुम्ही एका टेबलाच्या दोन बाजूंना उभे होतात. तुमच्या हातात रुग्णाचा श्वास आणि त्याच्या हातात चाकू. घरातल्या कुणीही त्या माणसाला तसं पाहिलेलं नाही. चार महिने म्हणजे काहीच नाही.

आता ती रात्र.

तुमच्या निदानावर मी बोलणार नाही. मी डॉक्टर नाही. माझी अर्धी नोकरी रुग्णालयात समुपदेशक म्हणून गेली, तीही शहरी रुग्णालयात, सैन्यात नाही. पण तुम्हाला माहीत असलेली एक गोष्ट पुन्हा तुमच्यासमोर ठेवते, कारण स्वतःच्या बाबतीत आपल्याला माहीत असलेलंही विसरायला होतं. जखमींची अशी वर्गवारी तुम्ही दोघांनी शोधून काढलेली नव्हती. 'ट्रायाज' हा शब्द निवडणं, वेगवेगळं करणं या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून आला. नेपोलियनच्या सैन्यातला सर्जन डॉमिनिक लारे यानं हुद्दा आणि बाजू न पाहता जखम पाहून क्रम लावायचा नियम घालून दिला. पुढे क्रिमियाच्या युद्धात सेवास्तोपोलला रशियन सर्जन निकोलाय पिरोगोव यानं जखमींचे गट पाडले. त्यातला एक गट वाचण्याची आशा नसलेल्यांचा होता. त्या गटाला त्यानं वाऱ्यावर सोडलं नाही. सेवाव्रती भगिनी आणि धर्मोपदेशक यांच्या हवाली केलं. म्हणजे शस्त्रक्रिया नाही, पण जवळ कुणीतरी माणूस आहे.

हे वाचून मला पहिला प्रश्न पडला तो तुमच्याबद्दल नव्हता. त्या मुलाजवळ पहाटेपर्यंत कोण बसलं होतं? तुम्ही टेबलाच्या डोक्याशी, मित्र पोटाशी. टेबलावरचा माणूस सोडून दोघांपैकी एकही हलू शकत नव्हता. म्हणजे तिसरं कुणीतरी असणार. एखादा नर्सिंग असिस्टंट, एखादी सिस्टर, कदाचित स्ट्रेचर घेऊन आलेलाच कुणी. तुमच्या पत्रात तो माणूस नाही. 31 वर्षं ती रात्र तुम्ही तुमच्या आणि मित्राच्या मधली म्हणून जपली. ती तेवढीच नव्हती. तो माणूस आज हयात असेल तर त्याला शोधा. जुन्या सहकाऱ्यांना चार फोन केलेत तरी पत्ता लागेल. कबुली द्यायला जाऊ नका. त्याला काय आठवतं ते विचारा आणि ऐका. मला वाटतं, लेखातल्या कुठल्याही ओळीपेक्षा तुम्हाला याचा उपयोग जास्त होईल.

आता पेन.

तुम्ही म्हणता, निर्णय तुमचा होता आणि मित्राने तो अंगावर घेतला. तुम्ही लिहिलेला प्रसंग मी जसाच्या तसा पुन्हा मांडते. तुम्ही म्हणालात, "पोटाचा आधी घे." त्याने घेतला. भूलतज्ज्ञाने सांगितलं आणि सर्जनने ऐकलं, पण चाकू हातात घेताना तोही काही डोळे मिटून उभा नसेल. त्यालाही त्या बाहुल्या दिसल्या असतील. तुम्ही जे केलंत ते मत देणं होतं. निर्णय कदाचित खरोखर त्याचाच होता, आणि म्हणून सहीही त्याची. नंतर चौकशीत त्याने तुमचं नाव घेतलं नाही ते तुम्हाला वाचवण्यासाठी असेल, किंवा तुमचं नाव घ्यावं असं त्याला सुचलंही नसेल. सर्जनमंडळींना टेबलावरचं सगळं आपलंच वाटतं, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त अनुभवलं असणार. (यावर तुम्ही हसलात तर मला बरं वाटेल.)

आणि तिसरी शक्यता तुम्हीच पत्राच्या शेवटी लिहून ठेवली आहे. तो स्वतःचं पेन कुणालाही देत नसे. कुणालाही म्हणजे तुम्हालाही. मग त्या रात्री त्याने पेन दिलं नाही ते तुमच्यासाठी, की नेहमीप्रमाणे?

मी थट्टा करत नाही. त्या एका हालचालीवर तुम्ही 31 वर्षांचं ऋण उभारलंत. ते खरंही असेल. आयुष्यभर मित्राला वाचवून वर त्याचा उच्चारही न करणारी माणसं मी पाहिली आहेत. पण तुम्हाला ते माहीत नाही. तुम्ही विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही, आणि आता विचारायची सोय राहिली नाही. मन हे स्वीकारत नाही म्हणून ते एक पक्की गोष्ट रचतं. त्या गोष्टीत तो त्यागमूर्ती होतो आणि तुम्ही कर्जदार. इतर तिघांनी त्याला 'धैर्यवान सर्जन' केलं, तुम्ही 'मित्रासाठी विष पिणारा' करायला निघालात. दोन्हीकडे तो जिवंत माणूस मागे पडतो. शिवाय तुमच्या गोष्टीत एक अन्याय आहे, तो तुमच्या लक्षात आला नसावा : निर्णय तुमचा होता असं तुम्ही जाहीर केलंत, तर त्याने शुद्धीत, पूर्ण जबाबदारीने केलेली सही तुम्ही त्याच्याकडून काढून घेता.

म्हणून माझं उत्तर असं. पुस्तकात ती रात्र कबुली म्हणून लिहू नका. पण त्या तीन लेखांसारखीही लिहू नका. मुलीला मात्र आधी, समोर बसून, सगळं सांगा.

मुलीला सांगायचं ते पुस्तकासाठी नाही. ती संपादक आहे म्हणूनही नाही. लोकांनी रंगवलेले वडील तिच्यापुढे तीन लेखांत आहेतच. जे लोकांना माहीत नाही ते कळण्याचा तिला हक्क आहे. फक्त सांगताना 'का' सांगू नका. 'मी असं म्हणालो. त्याने असं केलं. मी पेन मागितलं. त्याने दिलं नाही. आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.' इथे थांबा. तुमचा निष्कर्ष तिच्या अंगावर टाकू नका. ती त्या माणसाची मुलगी आहे. ती पेनाबद्दल असं काहीतरी सांगेल जे तुम्हाला आणि मला दोघांनाही ठाऊक नाही. कदाचित घरीही कुणाला देत नसेल. कदाचित घरी सगळ्यांना देत असेल. दोन्ही उत्तरं मोलाची आहेत.

ती रडेल, रागावेल, किंवा "काका, हे मला माहीत होतं" असंही म्हणेल. या शेवटच्या शक्यतेची तयारी ठेवा. तुमच्याशी 31 वर्षं गप्प बसलेला माणूस घरीही गप्प होता, असं कशावरून?

त्या तीन लेखांचं काय? त्यांच्या लेखकांना दुरुस्त्या पाठवू नका. लोकांची आठवण नेहमी एकाच नावावर प्रकाश टाकते. 1938 मध्ये आपल्याकडून पाच डॉक्टरांचं पथक चीनला गेलं : अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी. कोटणीस तिथेच 9 डिसेंबर 1942 रोजी वारले, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, आणि त्यांचं नाव घराघरांत पोचलं. उरलेल्या चौघांची नावं आज किती जणांना सांगता येतील? चोळकरांचंसुद्धा नाही. यात कोटणीसांचा दोष नाही आणि लोकांचाही नाही. पण डॉ. बसूंनी परत आल्यावर कोटणीसांची स्मृती जपण्याचं काम वर्षानुवर्षं केलं, हे मला फार मोठं वाटतं. परत आलेल्याने असा हिशेब मांडला नाही की प्रकाश माझ्यावर का नाही. तुम्हीही तसा मांडत नाही आहात, हे मला कळतं. तुमचा हिशेब उलटा आहे, दोष माझ्यावर का नाही हा. पण केंद्रस्थानी तुम्हीच येता, हे दोन्हीकडे सारखं. हे थोडं टोचेल. तरी लिहिते, कारण तुम्ही गुळमुळीत उत्तर ऐकायला पत्र लिहिलेलं नाही.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगते. तो मुलगा, जो पहाटे गेला, त्याच्या घरचं कुणीतरी आज असू शकेल. आई नसेल, पण भाऊ असेल, बहीण असेल. पुस्तकात तारीख, ठिकाण, तुकडी आणि जखम असं सगळं एका ओळीत आलं तर त्या घराला आपला मुलगा ओळखायला वेळ लागणार नाही. आणि त्यांना कळणार काय, तर त्याला थांबवलं होतं. तेही एका स्मरणपुस्तकातून. डॉक्टरांसाठीच्या 1948 च्या जिनिव्हा प्रतिज्ञेत रुग्णाची गुपितं राखायचं वचन आहेच. 1968 मध्ये त्यात 'रुग्णाच्या मृत्यूनंतरही' एवढे शब्द वाढवले गेले. हे शब्द तुमच्या मित्रासाठी नाहीत, त्या मुलासाठी आहेत. तेव्हा लेखकांशी श्रेयावरून बोलू नका, पण मुलीला सांगून त्या तिन्ही लेखांतून ओळख पटेल असे तपशील काढायला लावा. जुने फोटो छापणार असाल तर मागे पलंगावर कुणी रुग्ण दिसतो का तेही पाहा.

आता लेख. तुम्ही विचारलंत, एवढ्या किरकोळ गोष्टींवर लेख कसा व्हायचा.

मे 1915 मध्ये बेल्जियममध्ये, ईप्रच्या दुसऱ्या लढाईत, अ‍ॅलेक्सिस हेल्मर नावाचा बावीस वर्षांचा कॅनेडियन तोफखाना अधिकारी तोफगोळ्याने मारला गेला. त्याचा मित्र जॉन मॅक्रे त्याच तोफखान्याबरोबर डॉक्टर होता. धर्मगुरू हजर नव्हता, म्हणून दफनाच्या वेळच्या प्रार्थना या डॉक्टरानेच म्हटल्या. त्या दुःखातून त्याने एक कविता लिहिली. ती जगभर पोचली, त्यातली लाल खसखशीची फुलं आजही युद्धस्मरणाच्या दिवशी लोक छातीवर लावतात. पण त्या कवितेत हेल्मर नाही. त्याचं नाव नाही, त्याचा चेहरा नाही, तो कसा हसायचा ते नाही. पुढच्या लढायांत त्याची कबरही हरवली. आता त्याचं नाव ईप्रच्या मेनिन गेटवर आहे, कबर नसलेल्या हजारो नावांमध्ये. कविता थोर असेल, मी वाद घालत नाही. पण हेल्मर चाली परत घ्यायचा की नाही, हे आपल्याला कधीच कळणार नाही.

तुम्हाला कविता लिहायची नाही. तुमच्याकडे अंगठा आहे. प्रत्येक रुग्णाच्या पायाच्या अंगठ्याला हात लावून पुढे जाणारा सर्जन! का लावायचा? पाय गरम आहे की गार, म्हणजे रक्त शेवटपर्यंत पोचतंय की नाही, ते बघायला? तुम्हाला कारण लगेच कळत असेल, पण त्याच्या मुलीला ते माहीत नसेल. नातवंडांना तर नाहीच. की कारण वैद्यकीय नव्हतं, नुसती सवय होती? ज्यांच्या पायाला जखम होती त्यांचं काय करायचा? पाय नसलेल्याचं? हे लिहा. एका पानाचा मजकूर इथेच आहे.

बुद्धिबळाचंही लिहा. चाल परत घेताना तो काय म्हणायचा? तुम्ही देत होतात का परत? भांडायचात का? मात्र सावध करते, लिहिता लिहिता तुम्हाला एक वाक्य सुचेल : 'बुद्धिबळात चाल परत घेणारा माझा मित्र त्या सहीवरून मात्र कधी मागे हटला नाही.' मलाही सुचलं, तुमचं पत्र वाचताना अर्ध्या मिनिटात. ते लिहू नका. वाचणारा मान डोलावेल आणि पान उलटेल, आणि तुमचा मित्र एका चमकदार वाक्यात गुंडाळला जाईल. अशी वाक्यं फुकट मिळतात. अंगठ्याची गोष्ट फक्त तुमच्याकडे आहे.

त्याचे दोषही येऊ देत. तो चिडायचा का? ज्युनियरवर हत्यार फेकायचा का? स्मरणलेखात नुसती साखर असली की शेवटच्या ओळीपर्यंत कोणी पोचत नाही. जी माणसं त्याच्या हाताखाली होती त्यांना दोन ओळी विचारा. अधिकाऱ्यांना आठवतो तो सर्जन आणि ऑपरेशन थिएटरमधल्या टेक्निशियनला आठवतो तो सर्जन हे बहुतेकदा वेगळे निघतात. दुसरा जास्त खरा असतो असा माझा अनुभव आहे.

आणि त्या रात्रीला लेखात किती जागा द्यायची? मी तुमच्या जागी असते तर तीन ओळी. दोन जखमी, एक टेबल, आम्ही दोघे. एकाला घेतलं, एकाला नाही. नंतर त्याने रजिस्टर ओढून घेतलं आणि लिहिलं. 'आम्ही' हा शब्द वापरा. तुम्ही घाबरताय तसं ते लपवणंही होणार नाही आणि हिसकावणंही नाही. मुलीशी बोलून झाल्यावर त्या तीन ओळीही नकोत असं दोघांना वाटलं, तर काढा. लेख उभा राहील.

बाकी जे उरेल, ते वेगळ्या वहीत लिहा, कुणाला न दाखवण्यासाठी. झोप उडत असेल, तीच रात्र पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येत असेल, तर मात्र मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. डॉक्टर स्वतःसाठी डॉक्टरकडे जायला टाळतात, सैन्यातले तर जास्तच. तुम्ही इतकी वर्षं दुसऱ्यांना सुखरूप झोपवलंत आणि सुखरूप उठवलंत. आता स्वतःच्या झोपेची चौकशी करायला लाजू नका.

मुलीला या आठवड्यातच फोन करा. आणि लेखाची सुरुवात कुठून करायची हे अजून ठरत नसेल तर पेनापासून करा. कसलं होतं, शाईचं की साधं? खिशात कुठे ठेवायचा? तुम्ही सहा वर्षांत किती वेळा मागितलंत? मला खरोखर जाणून घ्यायचंय, एकदा तरी दिलं का त्याने?